जोतीरावांवरील दोषारोप आणि आपली जबाबदारी

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनी, २८ नोव्हेंबर रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेपुढे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी व्यवसायाने वकील आहे. वकिलाकडे पक्षकार येतो, वकीलपत्रावर सही करतो आणि मग काम सुरू होते. आज मी ज्या पक्षकाराची बाजू मांडण्यास उभा आहे, तो १८९० साली, याच तारखेला, जग सोडून गेला. त्याने मला वकीलपत्र दिलेले नाही. तरी आपण सर्वांनी ते दिले आहे असे समजून मी बोलणार आहे.

हा विषय मी मुद्दाम निवडला, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आपल्यांतील काही कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरातील भिंतीवर तीन तसबिरी लावल्या : तथागतांची, बाबासाहेबांची आणि जोतीरावांची. पहिल्या दोन तसबिरींना कोणी बोट लावले नाही. तिसरीविषयी मात्र दोन्ही बाजूंनी बोलणे सुरू झाले. गावातील एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "हा माणूस पाद्र्यांच्या नादी लागलेला, देवादिकांची टवाळी करणारा. धड मराठीही लिहिता येत नव्हते. त्याला काय पुजता?" आणि आपल्याच एका घरातील कॉलेजात जाणारा तरुण वडिलांना म्हणाला, "बाबा, जोतीराव ईश्वर मानीत होते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग ही तसबीर भिंतीवर कशाला?"

गृहस्थांच्या बोलण्याचा मला राग आला नाही, कारण ते बोलणे दीडशे वर्षे जुने आहे. तरुणाच्या प्रश्नाचे तर मला कौतुक वाटले. परंतु दोघांनाही उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले होते. त्या आठवणीसाठी आजही दरवर्षी लोक लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतात. आपल्या खानदेशाने त्यांना वकील म्हणून पाहिले आहे. तेव्हा आपणही हा प्रश्न वकिलाच्या रीतीने सोडवू. भावना बाजूस ठेवून एकेक आरोप घेऊ. जो खरा असेल तो मान्य करू, जो खोटा असेल तो पुराव्याने खोडून काढू.

पहिला आरोप भाषेचा. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची निबंधमाला निघू लागली. तीत त्यांनी सत्यशोधक समाजाचा रिपोर्ट आणि 'गुलामगिरी' या लेखनाचा समाचार घेतला. शास्त्रीबुवांची लेखणी जबरदस्त होती, यात शंका नाही. परंतु त्यांनी भर दिला तो जोतीरावांच्या व्याकरणावर आणि शब्दांच्या रूपांवर. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याने धर्माविषयी काय बोलावे, असा त्या टीकेचा रोख होता. ती थट्टा पुढे पिढ्यान् पिढ्या चालू राहिली.

आता याकडे कायद्याच्या दृष्टीने पाहा. एखाद्या अर्जात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, म्हणून अर्जदाराची जमीन दुसऱ्याची होते काय? १९७९ साली सुनील बत्रा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील एका कैद्याच्या पत्रालाच याचिका मानले. न्यायालयाने पाहिले ते एवढेच की, आतल्या माणसाचा छळ होतो आहे की नाही. माझ्या स्वतःच्या व्यवसायातील एक प्रसंग सांगतो. एका वृद्ध बाईंच्या शेताच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढले होते. त्यांच्या नातवाने अर्धी अहिराणी, अर्धी मराठी असा अर्ज लिहिला. एका कचेरीत तो अर्ज वाचून हसणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले. पुढे सुनावणी झाली तेव्हा अधिकाऱ्याने फेरफाराचे कागद काढून पाहिले, आणि अर्जातील प्रत्येक गोष्ट खरी निघाली. बाईंचे नाव परत लागले. अर्ज शुद्ध होता की नाही, हे त्यानंतर कोणी विचारले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, शुद्ध म्हणजे काय हेही काळ ठरवितो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने स्वीकारले आणि पूर्वीचे कितीतरी अनुस्वार गळून पडले. आज एखाद्या विद्यार्थ्याने शास्त्रीबुवांच्या काळाप्रमाणे 'तें पुस्तक वाचिलें' असे लिहिले, तर मास्तर त्यावर लाल रेघ ओढतील. म्हणून निबंधमाला टाकाऊ ठरत नाही. मग 'गुलामगिरी' का टाकाऊ ठरावी? वस्तुतः जोतीरावांनी शेतकरी, माळी, कुणबी, महार, मांग यांच्या तोंडची भाषा कागदावर आणली, आणि ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना ती समजली. आपल्या जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी अशा किती बोली बोलल्या जातात! या बोली बोलणाऱ्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी हसू येते ते इतरांचे, आणि रडू येते ते त्याचे. जोतीरावांच्या भाषेला हसणारा मनुष्य या मुलालाच हसत असतो, हे आपण ओळखले पाहिजे.

दुसरा आरोप टवाळीचा आणि द्वेषाचा. जोतीरावांनी उपहास केला, हे आपण पूर्णपणे मान्य करू. १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक, १८६९ सालचे 'ब्राह्मणांचे कसब', १८७३ सालची 'गुलामगिरी', १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' या सर्वांत उपहास आहे, आणि तो सौम्य नाही. 'गुलामगिरी'त धोंडीबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरे देतात. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, एकेक अवतार ते तपासायला घेतात. परशुराम चिरंजीव आहे असे सांगतात ना? तर मग त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसच त्यांनी पुस्तकात बजावली आहे! मी आजवर पुष्कळ नोटिसा लिहिल्या, पण अशी नोटीस मला लिहिता आली नसती. तिच्यात शिवी नाही. ज्याने विधान केले त्याने ते शाबीत करावे, हा पुराव्याच्या कायद्याचा साधा नियम आहे, आणि तोच त्यांनी पुराणाला लावला.

आणि अशा उपहासाला आपल्या धम्मात आधार नाही असे कोणी समजू नये. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त ज्यांनी वाचले असेल त्यांना आठवेल. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असा दावा घेऊन अस्सलायन नावाचा तरुण तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला एवढेच विचारले की, ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे सर्वांना दिसते ना? मग मुखातून जन्मण्याची गोष्ट कोठून आली? 'गुलामगिरी'च्या आरंभी जोतीरावही ब्रह्म्याच्या अवयवांविषयी याच जातीचे प्रश्न विचारतात. तेविज्ज सुत्तात तथागतांनी ब्रह्म न पाहता त्याची वाट दाखविणाऱ्यांना एकामागे एक चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली. या दोन्ही संवादांत विचारणाऱ्याचा अपमान नाही, पण थोतांडाची गय केलेली नाही. तेव्हा जोतीरावांचा उपहास परका आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही.

राहिला द्वेष. द्वेष माणसाच्या वागण्यात दिसतो. जोतीरावांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कोणासाठी? फसविल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला आणि त्याला आपला वारस केले. १८८२ साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर सापडले, तेव्हा जामीन राहिले ते जोतीरावांचे सहकारी रामशेठ उरवणे, आणि जामिनाची रक्कम होती दहा हजार रुपये. केसरी आणि मराठा ही पत्रे काढणाऱ्यांत चिपळूणकरही होते, हे लक्षात घ्या. ज्या मंडळींनी त्यांच्या व्याकरणाला हसावे, त्यांच्याच पत्राच्या संपादकांसाठी जोतीरावांच्या माणसाने जामीन द्यावा! वकील म्हणून मी सांगतो, दुसऱ्यासाठी जामीन राहणे म्हणजे स्वतःचे घर दावणीला बांधणे असते. द्वेष करणाऱ्याच्या गोटातून असा जामीन येत नाही.

तिसरा आरोप, ते ख्रिस्ती पाद्र्यांचे हस्तक होते. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पाद्र्यांशी त्यांची ओळख होती, बाबा पदमनजी त्यांचे स्नेही होते, हे सर्व खरे. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. जोतीराव मात्र अखेरपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त आपला स्वतंत्र धर्मविचार मांडला. इंग्रज सरकारलाही त्यांनी सोडले नाही. शिक्षणाचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गावर होतो, हे त्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला लेखी सुनावले. 'असूडा'त त्यांनी गोऱ्या कामगारांच्या आळसावर आणि चैनीवरही कोरडे ओढले. सुरुवातीची काही प्रकरणे छापून आपल्याच 'दीनबंधू' पत्राने पुढील छापणे थांबविले, इतके ते लेखन प्रखर होते. तेव्हा हस्तकाचा हा आरोप पुराव्यापुढे टिकत नाही.

चौथा आरोप, त्यांनी सांगितलेला इतिहास खरा नाही. येथे मी आपणांस सावध करतो. आंधळेपणाने बाजू घेणारा वकील पक्षकाराचे नुकसान करतो. जोतीरावांनी अवतारांच्या कथांमधून आर्यांच्या स्वाऱ्यांचा जो इतिहास काढला, शब्दांच्या ज्या व्युत्पत्ती लावल्या, त्यांतील पुष्कळ आज टिकणार नाहीत. पुराणकथा उलटी वाचून त्यांनी बळीराजाला न्यायासनावर बसविले, ते शिलालेखाच्या आधाराने नव्हे. हे मान्य करण्यात आपली काही हानी नाही. आणि याबाबतीत सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांचा आहे. १९४६ साली त्यांनी 'शूद्र कोण होते?' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आर्य वंशाने स्वारी करून येथील लोकांना शूद्र केले, हा सिद्धांत त्यांनी पुराव्यानिशी नाकारला. म्हणजे जोतीरावांच्या इतिहासाचा पायाच त्यांनी मानला नाही. आणि तो ग्रंथ अर्पण कोणास केला? जोतीरावांनाच! परकी राजवट जाण्यापेक्षा सामाजिक लोकशाही अधिक महत्त्वाची, ही शिकवण देणारा पुरुष म्हणून बाबासाहेबांनी त्यांना वंदन केले. १९५४ साली मुंबईच्या भाषणात बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे त्यांनी सांगितले. गुरूचे एक मत खोडून काढायचे आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर गुरूपुढे मस्तक नमवायचे, हे बाबासाहेबांनी आपल्याला करून दाखविले आहे.

याच ठिकाणी आपल्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. होय, जोतीराव 'निर्मीक' मानीत होते, आणि आपण सृष्टिकर्ता मानीत नाही. हा फरक झाकण्याचे कारण नाही. कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. हितकारक आहे की नाही ते स्वतः तपासा. मग जोतीरावांचा निर्मीक आपण न स्वीकारणे हे धम्माला धरूनच आहे, आणि त्यासाठी त्यांची तसबीर उतरविणे हे मात्र धम्माला सोडून आहे. त्यांच्या निर्मीकाला भट लागत नाही, मूर्ती लागत नाही, नैवेद्य लागत नाही. तो जातीचा दाखला मागत नाही.

शिवाय त्याच 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक कल्पना आहे, ती प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने ऐकावी अशी आहे. एका घरातील बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म घेतला, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती धर्म घेतला, मुलीने कुराण वाचून मुसलमानी धर्म घेतला आणि मुलाने सत्यधर्म घेतला, तरी या सर्वांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहावे, असे जोतीराव सांगतात. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आले ते १९५० साली. जोतीरावांनी ते त्याच्या साठ वर्षे आधी घराच्या उंबरठ्याच्या आत आणले होते, आणि त्या उदाहरणात पहिला मान बौद्ध झालेल्या बाईला दिला होता! आपल्यांपैकी कित्येक घरांत आज मुलाने दीक्षा घेतली आहे आणि आईने घेतलेली नाही. सून त्रिसरण म्हणते आणि सासू देव्हाऱ्यात दिवा लावते. अशा घरात भांडण होऊ न देणारा हा विचार भिंतीवरून उतरविण्याची घाई आपण करावी काय?

आता आपल्या जबाबदारीविषयी. जोतीरावांवरील हल्ले संपलेले नाहीत. १९८८ साली 'सोबत' साप्ताहिकात बाळ गांगल यांच्या लेखनाने त्यांच्या कार्याची आणि लेखनाची नालस्ती केली. त्या वेळी मोर्चे निघाले, परंतु खरे काम केले ते हरी नरके यांच्यासारख्या तरुण अभ्यासकांनी. त्यांनी मूळ कागदपत्रे काढून एकेका विधानाला उत्तर दिले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून महाराष्ट्र पेटला होता, त्याच्या प्रती जाळण्यात आल्या होत्या, आणि लाखो लोकांनी मुंबईत उतरून तो ग्रंथ वाचविला. अलीकडे, २०२५ साली, 'फुले' या चित्रपटाला आक्षेप घेण्यात आले. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीस, लागणारा तो चित्रपट २५ एप्रिलपर्यंत लांबला.

असे आक्षेप घेणारे बहुधा कायद्याचे नाव घेतात. धार्मिक भावना दुखावण्याचे कलम, म्हणजे दंडविधानाचे २९५-अ, १९२७ साली आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे २९९ वे कलम झाले आहे. परंतु कोणाला वाईट वाटले एवढ्याने हा गुन्हा होत नाही. हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने अपमान केलेला असावा लागतो. १९५७ साली रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा सांगितली. गुलामाला गुलामीची जाणीव व्हावी म्हणून लिहिणाऱ्याची बुद्धी दुष्ट असते, असे कोण म्हणेल?

मात्र धम्मबंधूंनो, हे माप आपल्यालाही लागू आहे. शालेय पुस्तकातील बाबासाहेबांच्या जुन्या व्यंगचित्रावरून २०१२ साली वाद झाला, तेव्हा पुण्यात एका प्राध्यापकांच्या कचेरीची मोडतोड झाली. त्या चित्राने आपल्या माणसांना दुःख झाले, ते मी समजू शकतो. ज्या समाजाच्या पाठीवर शतकानुशतके चाबूक पडला, त्याला चित्रातला चाबूकही दिसतो आणि झोंबतो. परंतु ती मोडतोड आपल्याला शोभणारी नव्हती. जोतीरावांच्या लेखणीसाठी आपण जे स्वातंत्र्य मागतो, ते दुसऱ्याच्या लेखणीला नाकारता येणार नाही. दुबळ्यावर हसणे आणि दुबळ्याने जुलमावर हसणे यांत फरक आहे, आणि तो फरक आपण जरूर दाखवून द्यावा. पण तो दाखविण्याचे आपले साधन लेखणी आणि सनदशीर मार्ग हेच असले पाहिजे.

शेवटी एवढेच सांगतो. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. कागद वाचता न आल्यामुळे सावकाराकडे गेलेल्या जमिनींसाठी याच शहाद्यात १९७० नंतर मोठा लढा झाला आणि १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. न वाचता अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याची दशा जोतीरावांनी 'असूडा'त त्याच्या नव्वद वर्षे आधी लिहून ठेवली होती. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. ज्या मुलाला वाचता येते त्याने 'गुलामगिरी' किंवा 'असूड' मोठ्याने वाचावा, आणि आजीने ऐकावा. जे पटणार नाही त्यावर वाद करा. समजणार नाही ते आपल्या बोलीत एकमेकांना समजावून द्या. ती तसबीर भिंतीवर राहू द्या. आणि उद्या कोणी तिला नावे ठेवली, तर हात उगारू नका. त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या, आणि पुस्तक त्याच्या हाती देऊन म्हणा, "साहेब, यातले कोणते पान खोटे आहे ते दाखवा."

जय भीम!